रिकामा पट्टा

पुढच्या दाराला कुलूप होतं म्हणून वेदिका मागच्या दाराने शेडमध्ये शिरली, आणि समोर एक तरुण – मशीन थांबवायच्या आणीबाणीच्या लाल बटणावर तळहात दाबून उभा! तिला पाहताच त्याने हात मागे घेतला… आणि चक्क हसला.

"प्रोग्रॅमवाल्या मॅडम ना? मी शेखर, इथला इलेक्ट्रिशियन. तुम्हालाच फोन करणार होतो."

झालं! त्या हसण्यापासूनच तिच्या मनात पाल चुकचुकली.

विंचूरच्या त्या कांदा निवडायच्या मशीनचा प्रोग्रॅम वेदिकाने लिहिलेला. सोमवारी मशीन ठीक असल्याची मालकांची सही झाली, की तिची नोकरी पक्की. आणि हा पठ्ठ्या तिला सारखा नाशिकहून बोलावून घ्यायचा. तक्रार एकच – लाल बटण सोडलं, की पट्टा आपोआप सुरू होतो. कसला होतोय! वेदिका दरवेळी पट्टा रिकामा करून घ्यायची, बटण दाबायची, सोडायची… पट्टा ढिम्म. रीसेटचं निळं बटण दाबल्याशिवाय हलायचाच नाही. मग माणसाने काय समजायचं? एक तर हा सही अडवायला बसलाय, नाहीतर… त्या 'नाहीतर'ने तिच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या, आणि त्याचा तिला आणखीच राग यायचा.

शनिवारी चौथा फोन आला. ती तणतणतच पोचली.

"खरं सांगा शेखर, मशीनची काळजी आहे, की मला हेलपाटे घालायला लावायची हौस?"

"दोन्ही असलं तर?"

"तर मी तुमच्या साहेबांना सांगेन."

"सांगा की. पण आधी कांदे असताना बघा. तुम्ही येता तेव्हा पाहुणे आल्यासारखं सगळं आवरलेलं असतं."

कांदे निवडणाऱ्या ठमाबाईंनी काळंनिळं नख पुढे केलं. "ताई, बटण सोडलं अन् पट्टा सुटला. माझा हात आतच हुता. ह्यानं पळत येऊन दाबलं, म्हणून बोटं हायेत."

वेदिकाने कांदे ओतायला लावले. लाल बटण दाबलं, सोडलं. निळ्याला हातही लावला नव्हता… आणि पट्टा खाडकन सुटला!

तिने झटकन लाल बटण पुन्हा दाबलं. मशीनला कांदे दिसले की पट्टा सुरू करायचा, हा प्रोग्रॅममधला तिचाच हुकूम. लाल बटण दाबल्यावर तो पुसायला तीच विसरली होती. रिकाम्या पट्ट्यावर ते कळणार तरी कसं?

तिने मेन स्विच बंद केला आणि आपल्या साहेबांना फोन लावला. "चूक माझी आहे, सर. सोमवारी सही नको." नोकरीचं काय होईल ते होवो!

संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम दुरुस्त झाला. भरल्या पट्ट्यावर दहा वेळा बटण सोडून पाहिलं. पट्टा हलला नाही.

"मी तुमच्या सगळ्याच तक्रारी खोट्या धरल्या," ती हळूच म्हणाली. "चुकलं माझं."

शेखर कांद्याचं सालपट चुरगाळत राहिला. "एक होती खोटी… बुधवारची. आठवडाभर आला नव्हता तुम्ही. लय… चुकल्यासारखं वाटत होतं."

"माहीत आहे. मशीन बटण दाबल्याची वेळ नोंदवतं, ती मला नाशिकला बसून दिसते. बुधवारी तुम्ही बटण दाबलंत तेव्हा जेवणाची सुट्टी होती, पट्टा आधीच बंद होता. नाशिकहून निघायच्या आधीच पाहिलं होतं मी."

"मग – आलात कशाला?"

"तुम्हाला बघायला," वेदिका म्हणाली. "आता चहा पाजताय, की त्याचीही तक्रार करू?"