विमान उतरेपर्यंत कोणी नाही

ब्रोनी हॅलेट त्याच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिली ती वजनकाट्यावर. बाईमाणसाची ओळख व्हायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या तळावर त्या सकाळी पावसाची भुरभुर चालली होती. हवाई दलाची एक तुकडी पॅसिफिकमधल्या वादळग्रस्त सांतो बेटावर मदतकामाला निघाली होती आणि विमानात चढणाऱ्या प्रत्येकाला पाठीवरच्या बोज्यासकट काट्यावर उभं राहावं लागत होतं. एकाने वजन मोठ्याने पुकारायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं, ही माल चढवणाऱ्यांची रीतच. पुकारणारा होता सेमिसी मोआला. सिडनीच्या माउंट ड्रुइटमध्ये वाढलेला टोंगन गडी, तो आत येताना दारालाच संकोच वाटावा एवढा दांडगा. ब्रोनी काट्यावर चढली, तर या पठ्ठ्याने आपला पंजा सरळ तबकडीवर ठेवला, वाकून वजन एकट्याने पाहिलं आणि लिहिणाऱ्याच्या कानात सांगितलं.

मागच्या रांगेने गलका केला, की आमची वजनं बरी चव्हाट्यावर मांडलीस. त्यावर तो शांतपणे म्हणाला, हिच्या पाठीवर औषधं आहेत आणि औषधांचं वजन हे सरकारी गुपित असतं. ब्रोनीचे कान तापले... आणि तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या मागच्या पॅलेटकडे, माल रचायच्या फळीकडे, गेलं. तिच्या मलमपट्टीच्या पेट्या सगळ्यात तळाशी, त्यावर तंबूंची रास, आणि वरून जाळी करकचून आवळलेली.

“त्या पेट्या वर हव्यात,” ती म्हणाली. “उतरल्या उतरल्या लागल्या तर?”

“जाळी आवळली की आवळली, डॉक्टरीणबाई.”

“मी डॉक्टर नाही. वैद्यकीय सहायक आहे.”

“मी तरी कुठे हमाल आहे? पण तुम्ही मघापासून तशाच नजरेने बघताय.”

“मग हमालसाहेब,” ती गोड हसली, “तंबू दाबून रक्त थांबतं का हो?”

त्याने तिच्याकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि जाळी सोडायला घेतली. रास उतरवून पुन्हा रचेपर्यंत तो नखशिखांत भिजला. ब्रोनीला वाईट वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवेल तर ती ब्रोनी कसली.

सांतोवर धावपट्टीच्या कडेला, नारळांच्या रांगेखाली तळ पडला. माणसं थोडी आणि कामं ढीगभर, म्हणून वरून हुकूम आला की प्रत्येकाने दुसऱ्याचं काम शिकायचं. सकाळी औषधवाल्यांनी पॅलेट रचायचे, हातवारे करून फोर्कलिफ्ट मागे-पुढे घ्यायची. दुपारी मालवाल्यांनी रक्त थांबवायला, मोडलेला पाय बांधायला शिकायचं. ब्रोनीने पहिल्याच दिवशी उलटी खूण केली आणि फोर्कलिफ्ट पिठाच्या पोत्यांत घुसवली. सगळा तळ पांढरा झाला. सेमिसी पीठ झटकत एवढंच म्हणाला, की डॉक्टरीणबाईंनी आज पाव करायचं ठरवलेलं दिसतंय.

दुपारी मात्र पारडं फिरायचं. रक्त थांबवायचा पट्टा आवळायला शिकताना त्याला तिचाच दंड मिळाला. पोलादी साखळ्या एका झटक्यात ताणणारे ते हात... तिच्या दंडाभोवती असे काही घुटमळायला लागले की बस. पट्टा बांगडीसारखा खाली घसरला.

“एवढ्याने रक्त थांबायचं नाही,” ती म्हणाली. “आवळ.”

“दुखेल.”

“दुखायलाच हवं. आवळ म्हणते ना!”

“तुम्ही सगळ्याच पुरुषांना असं सांगता का?” तो निरागसपणे म्हणाला, आणि ब्रोनीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. धपाट्याने तिचाच हात झिणझिणला.

सरावात कोणीतरी जखमी व्हावं लागतं. गळ्यात दुखापतीची चिठ्ठी अडकवायची, लाल रंग फासायचा आणि आडवं पडायचं. सेमिसी पडला की तमाशाच. कधी शेवटची इच्छा म्हणून मटणाचा पाय मागायचा, कधी आपले बूट कोणाला द्यायचे याचं मृत्युपत्र सांगायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला! ब्रोनी खोटं खोटं रागवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच पाडायची. चहाच्या सुट्टीत दोघं विमानाच्या पंखाखाली बसून आल्याची बिस्किटं बुडवून खायची. तो बाजारातून पानात भाजलेलं लॅपलॅप आणायचा आणि मोठा वाटा बेमालूम तिच्याकडे सरकवायचा. तिला ते दिसायचं. ती मजेत खायची.

अशा खोट्या जखमींच्या गावात खरा जखमी ओळखायचा कसा? नाहीतर लांडगा आला रे आला व्हायचं. त्यासाठी एकच शब्द ठरलेला: नो डफ. म्हणजे खेळ संपला, हे खरं आहे. तो कानावर पडला की असेल ते काम असेल तिथे थांबतं, आणि तो शब्द थट्टेत कोणी म्हणजे कोणीही वापरत नाही. सेमिसीसुद्धा नाही.

ब्रोनीचं एकच स्वप्न होतं, उडत्या विमानात रुग्ण सांभाळणाऱ्यांत जायचं. त्याची परीक्षा ती एकदा नापास झालेली. ऐन वेळी गडबडली, आता हे करू की ते करू यातच वेळ गेला. दुसरी संधी सांतोवर मिळणार होती आणि तिसरी कोणालाच मिळत नाही. परीक्षक स्क्वाड्रन लीडर ऑड्री पेल, हसण्याचंही रेशन असावं अशी बाई, खास त्यासाठी येऊन दुसऱ्या सकाळी परत जाणार होत्या. हे सगळं ब्रोनीने एका सुट्टीत सेमिसीला सांगितलं. त्या दिवशी तो एकदाही विनोद करू शकला नाही.

परीक्षेसाठी रुग्ण तिने त्यालाच निवडलं. हा धिप्पाड गडी स्ट्रेचरवरून हलवून दाखवला म्हणजे कोणीही हलवता येईल, असा तिचा हिशेब. पण त्याच सकाळी फोर्कलिफ्ट बंद पडली. दुष्काळात तेरावा महिना! छपरांच्या पत्र्यांनी भरलेलं विमान माणसांनी हातांनी रिकामं केलं, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेलं डांबर. सेमिसी तिथून थेट परीक्षेला आला. दमलायस का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, “झोपायला मिळतंय, तेही तुमच्या देखरेखीखाली. आणखी काय हवं?”

उभ्या विमानाच्या पोटात परीक्षा सुरू झाली. आत भट्टी. सेमिसीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, मांडीचं हाड मोडलंय, रक्त वाहतंय. ब्रोनीने पट्टा आवळला, पाय बांधला, चांदीच्या कागदासारखं पांघरूण घातलं. हात सफाईने चालत होते. पेलबाई कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या आणि ब्रोनीला पहिल्यांदाच वाटलं, जमतंय की आपल्याला.

फक्त रुग्ण गप्प होता. ती त्याच्या कानाशी वाकून पुटपुटली, ओरड की जरा. त्याने डोळे अर्धवट उघडले.

“ब्रोनी,” तो म्हणाला. डॉक्टरीणबाई नाही... ब्रोनी. “तुझे हात किती गार आहेत. राहू दे असेच.”

बाई गं! इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते यानं आता म्हणावं, परीक्षकाच्या पुढ्यात? क्षणभर ती नुसती सुखावली. आणि दुसऱ्या क्षणी तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. रबरी हातमोज्यांत ते उकडून निघाले होते. ते ज्याला गार लागतात, त्याचं अंग काय झालं असेल?

तिने हातमोजा ओरबाडून काढला आणि त्याच्या मानेला हात लावला. तापलेला तवा. आणि कोरडा ठणठणीत. या भट्टीत सगळ्यांच्या अंगातून धारा वाहत होत्या आणि याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. तिने विचारलं, आपण कुठे आहोत? आईच्या स्वयंपाकघरात, तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्यावरचं त्याला काहीतरी उमजलं असावं, कारण त्याने तिचं मनगट धरलं.

“नको... तुझी परीक्षा.”

मागच्या वेळी याच जागी ती अडखळली होती. आज नाही.

“नो डफ,” ती मोठ्याने म्हणाली. “नो डफ. याला ऊन लागलंय.”

मग काय झालं ते सांगायलाही वेळ पुरायचा नाही. तिने त्याचे कपडे कात्रीने टराटरा कापले, शीतपेयांच्या खोक्यातला बर्फ काखेत, मानेला, जांघेत भरला, मालवाल्या पोरांनी बादल्यांनी पाणी ओतलं आणि मोठे पंखे आणून लावले. ती एकेकाला कामं सांगत होती आणि सगळे निमूट ऐकत होते. ऊन कलेपर्यंत सेमिसी शुद्धीवर आला. पेलबाईंनी त्याची नाडी स्वतः पाहिली आणि ब्रोनीला सांगितलं, की थांबवलेली परीक्षा ही परीक्षा धरली जात नाही, ना पास ना नापास. हो मॅडम, असं म्हणून ब्रोनी तंबूत गेली.

तो सलाईन लावून पडला होता, अंगावर एक टॉवेल आणि तोंडावर अपराध्याची कळा. ती त्याच्यावर तुटूनच पडली. तोंडाला कुलूप लागलं होतं का, गरगरतंय एवढं सांगता येत नव्हतं का, मेला असतास म्हणजे? बोलता बोलता तिला रडू फुटलं, आणि त्याचाही तिला राग आला.

“सांगितलं असतं तर तुम्ही परीक्षा थांबवली असती,” तो म्हणाला.

“थांबवलीच ना!”

“हो. म्हणूनच...” त्याने टॉवेल सावरला. “मला वाटलं, थोडा वेळ पडून राहायचंय, राहू. आजवर कोणासाठी एवढं गप्प बसलो नाही मी. माझं प्रेम आहे तुमच्यावर. काट्यावर उभ्या होतात ना तुम्ही, चिडलेल्या, तेव्हापासून. आता अंगात ताप नाही, हवं तर मोजून बघा.”

तिने खरंच मोजला. ताप नव्हता. पण उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात तंबूच्या दारात पेलबाई उभ्या राहिल्या. याच्या रक्ताची तपासणी टाउन्सव्हिलच्या इस्पितळातच होईल, उद्या माझ्याच विमानाने न्यायचं, त्या म्हणाल्या. सोबत एक सहायक लागेल. मी विमानात नुसती बसूनच असणार, त्यापेक्षा परीक्षा घेते. ब्रोनी, तयार राहा.

सकाळी विमानाचं दार बंद झालं. सेमिसी स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेला, ब्रोनी उशाशी. पेलबाई समोर बसल्या.

“एक अट आहे,” त्या म्हणाल्या. “परीक्षेतला रुग्ण उमेदवाराच्या नात्यागोत्यातला, जवळचा असता कामा नये. हात कापतात. हा तुझा कोणी लागतो का?”

ब्रोनीने सलाईनची नळी उगाच एकदा तपासली. हो म्हणावं, तर विमानातलं आयुष्य इथेच संपलं. नाही म्हणावं, तर काल जे ऐकलं त्यावर बोळा फिरवल्यासारखं होतं. सेमिसी छताकडे बघत होता. हिने नाही म्हणावं म्हणून तो मनातल्या मनात देवाला विनवत असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गडबडून जायला तिला हक्काचं कारण होतं. पण कालपासून तिला गडबडायला जमेनासंच झालं होतं.

“विमान उतरेपर्यंत कोणी नाही, मॅडम,” ती म्हणाली.

सेमिसीची मान झटक्यात वळली. पेलबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चालेल. उतरेपर्यंतचंच मला बघायचंय.”

प्रवासभर तिने त्याला फक्त रुग्ण मानलं. ढगांत विमान गदगदलं तेव्हा सलाईनची सुई हलू दिली नाही. मध्येच त्याच्या पोटरीत गोळा आला, तो पांढराफटक पडला. तिने पाय ताणून धरला, नाडी मोजली, सलाईनची धार वाढवली. पेलबाई प्रश्नांवर प्रश्न टाकत होत्या आणि तिची उत्तरं तयार होती. सेमिसीने विचारलं तेवढंच सांगितलं आणि एकही विनोद केला नाही. बिचाऱ्याला जड गेलं असणार!

चाकं धावपट्टीला टेकली. विमान थांबलं, मागचं दार खाली गेलं आणि टाउन्सव्हिलचं लख्ख ऊन आत आलं. पेलबाई उठल्या, टोपी घातली आणि म्हणाल्या, “पास.”

“थँक यू, मॅडम,” ब्रोनी म्हणाली. तिचे हात आता कापायला लागले होते, आणि तिने ते कापू दिले. “मघाचं एक उत्तर मला बदलायचंय.”

“कोणतं?”

“हा माझा लागतो.”

“कोण लागतो?”

“ते अजून ठरायचंय,” ब्रोनी म्हणाली. “पण माझाच.”

सेमिसीने उठून बसायचा प्रयत्न केला, पण पट्टे तिनेच आवळले होते, तो तसूभर हलू शकला नाही. ब्रोनी हसली, त्याच्यावर वाकली आणि त्याच्या ओठांवर ओठ टेकले.

रुग्णवाहिकेची माणसं धावत वर येत होती. पेलबाईंनी त्यांना हाताने खूण केली, थांबा जरा, रुग्णाला अजून सोडायचं बाकी आहे.