सोळा मिनिटांची मोजणी

यात काही वाढवून लिहिलेलं नाही. वेळा कंट्रोल रूमच्या नोंदीतल्या आहेत. संभाषण तिथल्या दोघांकडून वेगवेगळं ऐकून ताडून पाहिलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं. जिच्या बाबतीत हे घडलं, तिनेही आधी तेच करून पाहिलं.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. मंगळवारी, तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी. खोलीत बारा माणसं होती आणि खिडकीतून ऊन थेट टेबलांवर येत होतं.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या त्या कंट्रोल रूममध्ये तिला नऊ वर्षं झाली होती. लोक रडत, ओरडत, शिव्या घालत फोन करायचे. तिने शांतपणे पत्ता विचारायचा, गाडी सोडायची आणि गाडी येईपर्यंत समोरच्याला हातावर हात ठेवून बसू द्यायचं नाही. पेशंटचा श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लावायची. ताल चुकू नये म्हणून फोनवर मोजायचं.

एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक.

तिची मोजणी इतकी पक्की होती की सगळे तिला ‘घड्याळ’ म्हणायचे. शेजारच्या टेबलावर ‘रेडिओ’ बसायचा. त्याचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून रेडिओ.

“घड्याळबाई, आज चहा कोण आणणार?”

“जो जास्त बोलतो तो.”

“म्हणजे रिटायर होईपर्यंत मीच.”

असे दिवस चालले होते. मग ते आजोबा आले. म्हणजे त्यांचा फोन आला. मंगळवारच्या बरोबर अकरा दिवस आधी.

चौथा मजला, लिफ्ट बंद, घरात दोघंच. आजी स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या. आजोबा दाबत होते, ती मोजत होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे प्रत्येक दाबाला आजींच्या तोंडून बाहेर पडणारी हवा तिला ऐकू येत होती.

हं... हं... हं...

नऊ मिनिटं तिने तो आवाज ऐकला. एकीकडे दुसरे फोन वाजत होते. तेवढ्यात स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. ‘गाडी पोहोचली.’

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ड्रायव्हर ते बटण इमारतीच्या फाटकापाशीच दाबतात. लागलेला वेळ कमी दिसावा म्हणून. पेशंटपर्यंत जायला त्यानंतर दोन मिनिटं लागोत की पाच. कंट्रोल रूममध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. तिलाही माहीत होतं.

तरी ती म्हणाली, “आजोबा, गाडी आली. आता थांबा. दार उघडा.”

आजोबा थांबले. दार उघडून उभे राहिले.

गाडीतल्या माणसांना चार मजले चढून यायला चार मिनिटं लागली.

आजी गेल्या. कागदावर सगळं ठीक होतं, गाडी नऊ मिनिटांत पोहोचलेली. कुणी काही विचारलं नाही. तिनेही कुणाला सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी रेडिओने न विचारता तिच्यापुढे चहा आणून ठेवला.

तर मंगळवार. तीन बेचाळीस.

तिच्या हेडफोनमध्ये टक् असा आवाज झाला. रिंग वाजली नव्हती. स्क्रीनवर नंबर नव्हता, पत्ताही नव्हता. असं कधी होत नाही.

“नमस्कार, रुग्णवाहिका सेवा. कुठून बोलताय?”

तिने हेडफोन कानावर दाबला.

मग...

“मॅडम... मोजा.”

बाईचा आवाज. वयस्कर. एकेक शब्द सुटा सुटा. दाबणारा माणूस दमला की त्याचं बोलणं तुटतं, हे तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. या आवाजाला दम लागलेला नव्हता. कुणीतरी वरून दाबावं आणि तेवढ्यापुरती हवा बाहेर पडावी, तसा एकेक शब्द येत होता.

हं... हं...

तिने तो आवाज ओळखला.

“कोण बोलतंय?”

“पेशंटचं... विचारा.”

“पेशंट कोण आहे?”

“म्हातारा. डाव्या हाताला... करंगळी... नाही.”

तिच्या वडिलांची डावी करंगळी कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली होती. ती आणि बाबा, घरात दोघंच. ती कामावर आली की ते एकटे.

“बाबांना काय झालंय? तुम्ही आमच्या घरात कशा?”

“मागच्या वेळी... थांबा... म्हणालात. आज... थांबलात... तर हाही... गेला. मोजा.”

तिच्या जागी कुणीही जे केलं असतं, तेच तिने केलं. मोजायला सुरुवात केली.

एक, दोन, तीन, चार.

मोजता मोजता समोरच्या कागदावर घरचा पत्ता खरडला. खाली लिहिलं, ‘बाबा. गाडी.’ आणि कागद रेडिओपुढे सरकवला.

रेडिओने कागद वाचला. गाडी सोडली. त्याने तिच्या घरी फोनही लावून पाहिला. एंगेज.

मिनिटं जात होती. पलीकडून आता शब्द येत नव्हते. फक्त ती हवा. तिच्या प्रत्येक आकड्याला एक. आकडा जरा उशिरा पडला की पलीकडेही उशीर. तिचा घसा सुकला, एकदा आवंढा गिळायला ती अर्धा क्षण थांबली...

“थांबलात?”

एवढंच. पण तो आवाज आता कानात नव्हता. मानेच्या मागून आला होता.

तिने वळून पाहिलं नाही. मोजत राहिली.

बाराव्या मिनिटाला हिरवी पट्टी आली. ‘गाडी पोहोचली.’

“पोहोचली बघ,” रेडिओ म्हणाला. “सोड आता. पाणी पी.”

तिने मान हलवली. नाही.

“अगं, माणसं आली आपली. बस कर.”

एक, दोन, तीन, चार. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलू दिला नाही. ही पट्टी म्हणजे फाटक. फाटकापासून घरापर्यंत तीन मजले. या वेळी ती थांबणार नव्हती. माणसं बाबांपाशी पोहोचल्याशिवाय नाही.

पलीकडे कुणीतरी हसल्यासारखं झालं. तेही तालात.

वायरलेसवर गाडीतला मदतनीस बोलला. “दार आतून बंद आहे. कडी आहे. तोडतोय.”

ती मोजत राहिली. आणखी जोरात.

“तुटलं. आत आलो. पेशंट दिसला.”

टक्.

फोन बंद झाला होता. सोळा मिनिटं झाली होती.

बाबा जिवंत होते.

संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा तिला आवडला नाही.

“घरी कोण होतं?”

“कोणी नाही. का? अटॅक मोठा होता का?”

“अटॅक आलाच नव्हता. हृदय ठणठणीत आहे त्यांचं.”

“मग?”

“सात बरगड्या मोडल्यात. छाती दाबलीय कुणीतरी. पुन्हा पुन्हा, एकाच जागी. शुद्धीवर असलेल्या माणसाची.” त्यांनी आवाज खाली आणला. “हे अपघाताने होत नाही. मला पोलिसांना कळवावं लागेल.”

पोलीस आले. दाराला आतून कडी होती, खिडक्यांना गज होते. ते लिहून घेऊन गेले.

कंट्रोल रूमच्या साहेबांनी नोंद काढली. तीन बेचाळीसला तिच्या टेबलावर आलेला एकही फोन नव्हता.

गेलेला होता.

तिच्या टेबलावरून, तिच्याच घरच्या नंबरावर. पलीकडे कुणीतरी उचललेला. सोळा मिनिटं चाललेला. रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला तिचे प्रश्न आहेत, पण उत्तरं नाहीत. पुढे फक्त तिची मोजणी. साहेबांनी ती दोनदा ऐकली आणि म्हणाले, “तू आठवडाभर सुट्टी घे.”

तीन दिवसांनी बाबा बोलू लागले. थोरला भाऊ आला होता, तो पायाशी बसला होता. तिने बाबांचा हात धरला. त्यांनी तो हळूच काढून घेतला.

“बाबा, घरात कोण आलं होतं?”

“दिसलं कोणी नाही.”

“मग?”

“मी सारखा सांगत होतो, थांब. हात जोडले, बाई. थांब म्हणालो, पुरे म्हणालो. शेवटी तर जोर आणखीच वाढला.”

“कोणाला?”

बाबांनी भावाकडे पाहिलं. मग छताकडे.

“तुला,” ते म्हणाले. “तू मोजतच होतीस.”

या गोष्टीला आता सात महिने झाले. बाबा भावाकडे राहतात. ती अजून त्याच नोकरीत आहे, कारण माणसं कमी आहेत आणि बदली मिळत नाही. मोजायची वेळ आली की ती फोन रेडिओकडे देते. तो घेतो.

पण गेल्या आठवड्यात रेडिओ दुसऱ्या फोनवर होता. सगळेच होते. आणि तिच्या लाईनवर एक बाई रडत होती. नवरा जमिनीवर पडलेला, श्वास नाही, दोन लहान मुलं शेजारी उभी.

“मॅडम, मला जमत नाहीये. तुम्ही मोजा ना.”

तिने मोजलं. अगदी हळू आवाजात. सहा मिनिटं.

तो माणूस वाचला.

ड्युटी संपल्यावर ती भावाकडे गेली. बाबा टेबलाशी जेवत बसले होते. तिने विचारलं, “बरं आहे ना?” त्यांनी मान हलवली. घास गिळायला त्यांना वेळ लागत होता.

ती जवळ जाऊन बसली.

बाबांनी चमचा खाली ठेवला आणि छातीवरचा ताजा काळानिळा डाग झाकत शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.