सहभागी क्रमांक बारा

चष्म्याची दांडी मोडली नसती तर ती त्या दुकानाची पायरी चढलीच नसती. तुटकी दांडी मुठीत धरून, डोळे किलकिले करत ती आत शिरली. काउंटरमागच्या चष्मेवाल्याने चष्मा हातात घेतला आणि तिच्याकडे असं टक लावून पाहिलं की ती चक्क लाजली.

“बघणं हा माझा धंदाच आहे,” तो म्हणाला. “तुमचा डावा कान उजव्यापेक्षा जरा वर आहे. आजवर कुणी सांगितलं नाही?”

“आजवर कुणी इतकं निरखलं नाही...” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

कोपऱ्यात सात वर्षांची एक मुलगी गृहपाठ करत होती. ती त्याची भाची. बहीण नर्स, दोन वर्षांसाठी परगावी नोकरीला गेलेली; तेव्हापासून पोर मामाकडे. हे कळलं मात्र, हिचे डोळे चमकले. मानवविकास आणि कुटुंबअभ्यास या विषयातली तिची पदव्युत्तर पदवी एका प्रकल्पापाशी अडून बसली होती. पालकांसाठी आठ शनिवार कार्यशाळा घ्यायची, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी त्यांच्याकडून तीच प्रश्नावली भरून घ्यायची, आणि मुलांशी वागण्यात काय फरक पडला ते आकड्यांत मांडायचं. विभागाचा नियम किमान बारा पालकांचा. हिच्याकडे अकराच होते.

मी कुठला पालक, मी तर मामा, असं त्याने सांगून पाहिलं. पण दांडी बसवून होईपर्यंत तो सहभागी क्रमांक बारा झाला होता.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी खुर्च्या गोल मांडल्या जात. तो सगळ्यांच्या शेवटी यायचा आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचा. पोर खोटं बोलली तर काय करायचं, वेणी घालताना केस ओढले गेले तर माफी कशी मागायची... सोबत येणाऱ्या भाचीचं ऐकून सगळा गटच त्याला मामा म्हणू लागला. हिला मात्र ती हाक काही केल्या तोंडातून काढवेना. कारण सांगायला नको. वर्ग संपल्यावर तो आवराआवरीला मागे थांबायचा आणि दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा.

आठव्या शनिवारी तो आलाच नाही. फोनही उचलेना. अहवाल सोमवारी द्यायचा होता. रविवारी दुपारी तिने त्याची कोरी प्रश्नावली पुढ्यात ओढली. आपण त्याला ओळखतोच की, अशी मनाची समजूत घातली. ‘मूल चुकलं तर मी आधी त्याचं ऐकून घेतो’ — नेहमी. ‘रागाच्या भरात मी हात उचलतो’ — कधीच नाही. वीस वाक्यं, वीस खुणा. आणि खोटं कशाला बोला, त्या खुणा करताना तिला फार गोड वाटत होतं. प्रेमात पडलेलं माणूस मोजमाप करायला बसलं की दुसरं काय होणार?

सादरीकरणाच्या दिवशी मार्गदर्शक बाईंनी पालकांनाही बोलावलं होतं. पडद्यावरच्या आलेखात बारा क्रमांकाचा खांब सगळ्यांत उंच दिसत होता. परीक्षकांनी त्या पालकाचं तोंडभरून कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात तिची नजर मागच्या रांगेकडे गेली. तो तिथे मान खाली घालून बसला होता.

व्हरांड्यात त्याने तिला गाठलं.

“शेवटचा फॉर्म मी भरलाच नव्हता,” तो हळूच म्हणाला.

तिने हातातला अहवाल पाठीमागे धरला.

“त्या सकाळी मी पोरीला चापट मारली. दूध सांडलं, एवढ्याशा गोष्टीवरून... मग कुठल्या तोंडाने येणार होतो? आज तुम्हाला सांगायचं म्हणून आलो, तर तिथे माझ्या नंबरावर टाळ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.”

तो निघून गेला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. लाजेने मान खाली घालायची ती हिने; आणि लाजून गेला तो. गप्प राहिली असती तर पदवी हातात होती, कुणाला कानोकान कळलं नसतं. पण पाय आपोआप मागे वळले. परीक्षकांसमोर, चहाचे कप हातात असतानाच, तिने सगळं सांगून टाकलं. बाई ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “नवा गट, पुन्हा आठ शनिवार. हा अहवाल रद्द.”

घरी बाबांनी आत्यापासून मावशीपर्यंत सगळ्यांना ‘झाली बरं का पोरगी पास’ म्हणून कळवून टाकलं होतं. ते सगळे फोन तिने स्वतः पुन्हा लावले. प्रत्येक फोनला कानशिलं तापत होती.

तीन आठवड्यांनी ती वाचनालयात नव्या गटाची नावं लिहीत बसली होती. तो वर आला. काय झालं ते त्याला खाली ग्रंथपालांकडून कळलं होतं. त्याने फॉर्म मागून घेतला, समोर बसून भरला आणि तिच्या पुढे सरकवला. हात उचलतो — कधी कधी.

“तुम्ही लिहिलेला माणूस चांगला होता,” तो म्हणाला. “पण मी हा आहे. चालत असेल तर परत गटात घ्या.”

तिने फॉर्म शेवटपर्यंत वाचला. “नाही घेता येणार.”

“बरोबर आहे,” म्हणत तो उठला.

“बसा. चापटीमुळे नाही म्हटलं मी.” आता मागे फिरायचं नव्हतं. “ज्याच्यावर जीव जडलाय... त्याला मोजायला गेले की माझे आकडे खोटे येतात. एकदा तोंडावर आपटलेय. तुम्ही माझ्या गटात नकोच.”

तो खुर्चीत बसला तो बसलाच. बघण्याचा धंदा असलेला माणूस, पण त्याला वर बघवेना. शेवटी त्याने गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला.

“मग तुमचाही भरून द्या. माझी गाठ कुणाशी आहे, कळू दे की मलाही.”

त्यातली सगळी वाक्यं मुलांबद्दलची होती. तिने कागद उलटा केला आणि पाठीमागे स्वतःच लिहिलं, ‘मी खोटं बोलते — एकदा बोलले.’

त्याने ते वाचलं. हसला नाही.

“चालेल,” तो म्हणाला.