सोबत येणाऱ्याचं नाव

"मुलगा कुठाय? सही त्याची लागते," शिल्पा मान वर न करताच म्हणाली.

"मुलगा न्हाई. अजून लग्नच न्हाई," खिडकीपलीकडून उत्तर आलं. "फॉर्म माझाच हाय."

आता तिनं वर बघितलं. कानांजवळ पिकलेले केस, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू... लातूर हे शिकवण्यांचं गाव. इथं पस्तिशीपुढचा माणूस फॉर्म घेऊन आला की तो कुणाचा तरी बाप असणार, हे दूरशिक्षणाच्या त्या केंद्रात पाच वर्षं काम करून तिनं पक्कं ठरवून टाकलं होतं. ते पहिल्यांदाच चुकलं, आणि बाईंचे कान लाल झाले.

रविकिरण नांदेडचा. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करत असताना वडील अंथरुणाला खिळले, म्हणून दुसऱ्याच वर्षी त्यानं कॉलेज सोडलं. पुढं घरी बसून सोळा वर्षं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहिले. आयर्लंडच्या कंपन्यांना त्याचं काम आवडायचं, पण व्हिसापाशी गाडी अडायची. पदवी कुठंय? केंद्र तसं नांदेडातही होतं. पण तिथं सगळे त्याला इंजिनिअरसाहेब म्हणत. ओळखीच्यांसमोर पहिल्या वर्षाच्या रांगेत उभं राहायचं कसं? म्हणून साहेब दर रविवारी एसटीनं लातूर गाठायचे.

तास ऑनलाइन होत, पण स्वाध्याय मात्र हातानं लिहून केंद्रात आणून द्यावे लागत. दोन पानं लिहिली की याचा हात भरून यायचा. त्यात पहिल्याच परीक्षेत गडी नापास झाला, तोही प्रोग्रॅमिंगमध्ये!

"दहा ओळींचं काम तीन ओळींत केलं की हो मी," निकालाकडं बघत तो म्हणाला. "आत्ता चालवून दाखवतो."

"प्रोग्रॅम चालत असंल, पेपर चालत न्हाई. आधी व्याख्या, मग आकृती, मग फायदे-तोटे. तुम्ही लई शहाण्यासारखं लिहून राहिले."

"मग येड्यासारखं लिहायला कोण शिकवणार?"

"मी हाय की."

बोलून तर गेली... आणि मग टेबलावरचे सरळ असलेले कागद पुन्हा सरळ करत बसली.

तिथून रविवार बदलले. नांदेडची गाडी उशिरा आली की तिचा जीव खालीवर व्हायचा. तो समोर बसून व्याख्या लिहायचा, ती लाल पेनानं दुरुस्त करायची. मध्येच नजरानजर झाली की दोघंही कागदात तोंड घालायचे. याला जितके जास्त गुण, तितका हा लवकर जाणार, हे तिला कळत होतं. तरी तिनं एकही चूक सोडली नाही. प्रेम करावं आणि वर नेटकं काम करावं, असला हा स्वभाव.

"आयर्लंडला एवढं हाय तरी काय?" तिनं एकदा विचारलं.

"पाऊस. वर्षभर."

"लातूरकरांना पावसाचं आमिष दाखवून राहिले व्हय?"

"या की मग बघायला," तो हळूच म्हणाला.

"आधी पास व्हा," ती म्हणाली. काय म्हणायचं होतं आणि काय म्हणून बसली...

तिसऱ्या वर्षी तो पदवी पास झाला. पहिल्या वर्गात. महिन्याभरात आयर्लंडच्या कंपनीचा फॉर्म घेऊन आला.

"एकदा नजर टाका, मॅडम. तुम्ही बघितल्याशिवाय मी आजवर एक कागद पाठवला न्हाई."

तिनं ओळीओळीवर बोट फिरवलं. सगळं बिनचूक भरलेलं. फक्त दोन रकाने मोकळे होते. विवाहित की अविवाहित, आणि खाली सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव. एवढा काटेकोर माणूस दोन रकाने विसरतो थोडाच? तिला कळलं. तिनं वर बघितलं. तो बॅगेची चेन लावत होता, उघडत होता, पुन्हा लावत होता.

"दोन रकाने राहिलेत," ती म्हणाली.

"हाव... राहिलेत. तुम्हाला वाटंल ते लिहा."

लग्नाचं असं विचारतात का कुणी? तिला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. रकाना मोकळा असला की फॉर्म परत येतो, हे ती रोज पन्नास जणांना सांगायची. तिनं पेन उघडलं. वरच्या रकान्यात 'अविवाहित' लिहिलं, खालच्यात 'लागू नाही'. अगदी सावकाश, एकेक अक्षर रेंगाळत. तो बघत राहिला. मग कागद घडी न घालता बॅगेत ठेवून "बरं, येतो" म्हणाला. दोन महिन्यांनी मोबाइलवर दोन शब्द आले. सुखरूप पोचलो.

जाताना तात्पुरत्या प्रमाणपत्रावर भागलं होतं. आठ महिन्यांनी त्याचं पदवीचं मूळ प्रमाणपत्र केंद्रात आलं, आणि तिनं कळवल्यावर त्याचा फोन.

"आईनं वसमतची मुलगी बघितलीय," चौकशा संपल्यावर तो म्हणाला. "मे महिन्यात लग्न हाय."

"छान झालं," तिनं म्हटलं. आवाज बऱ्यापैकी सांभाळला.

"एक सांगू? त्या दिवशी ते रकाने मी मुद्दाम सोडले होते. तुम्ही लिहिलं, मी समजलो... तुमचं उत्तर तेच."

"ते उत्तर नव्हतं हो," शिल्पा म्हणाली. "मला कळलं होतं. मी हळूहळू लिहून राहिले होते... तुम्ही हात धरून थांबवाल म्हणून."

त्यानं फोन ठेवला नाही. मग तिनंच विचारलं, "प्रमाणपत्र कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

तो नांदेडचा पत्ता सांगू लागला. घर नंबर, गल्ली, पिनकोड. तीन वर्षं प्रत्येक फॉर्मवर तपासून तिला तो तोंडपाठ होता. तरी तिनं मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतला.