आरती बाकी होती

आखातात, रुवैसच्या पुढे, रिफायनरीच्या ज्वाळा क्षितिजावर पणतीएवढ्या दिसू लागतात तिथे, तारेच्या कुंपणात आफ्रिकेतून आणलेली जनावरं पाळलेलं एक राखीव रान आहे. जिराफ, लांब शिंगांचे ओरिक्स, बैलासारखी थोराड हरणं. सदानंद तिथला पशुवैद्य. पाच-सहा दिवस कॅम्पच्या पोर्टाकॅबिनमध्ये राहायचं, रात्री पाणवठ्यासमोरच्या फळ्यांच्या लपणात बसून थर्मल दुर्बिणीतून जनावरांची नोंद करायची, आणि सुटीला मोहम्मद बिन झायद सिटीत बायकोमुलीकडे जायचं. दुर्बिणीचं गणित सोपं होतं. उबदार ते पांढरं दिसे, गार ते काळं.

झोप येऊ नये म्हणून तो कीर्तन करी. बुवांची ऐकून पाठ झालेली आख्यानं, नमनापासून आरतीपर्यंत, हलक्या आवाजात, मांडीवर ताल धरून. जीप चालवणारा सुजीत दुबईतच वाढलेला. तो चिडवायचा, "काका, ओरिक्सना मराठी कळतं का?" सदानंद म्हणे, भाव कळतो रे बाबा.

सोमवारी त्याच्या लक्षात आलं की ओरिक्स पाणी पिऊन परत जात नाहीत. लपणाकडे तोंड करून, पाय दुमडून अर्धगोल धरून बसतात आणि आरती झाली की उठतात. पुढच्या रांगेत मधोमध मात्र एका माणसापुरती जागा मोकळी सोडतात.

सदानंदला भरून आलं. कथा चालते तिथे मारुतीरायासाठी एक आसन मोकळं ठेवायचं, हे आईने त्याला लहानपणीच शिकवलेलं. मुक्या जिवांना ते कळावं आणि आपल्याला सुचू नये? बुधवारी उजेड असतानाच त्याने आपल्या घोंगडीची घडी नेऊन त्या जागी मांडली आणि हात जोडले.

त्या रात्री घोंगडीवर कुणीतरी येऊन बसलं.

नुसत्या डोळ्यांना चांदण्यात घडी तेवढी दिसत होती. दुर्बिणीत मात्र काळा आकार होता, भोवतीच्या वाळूहून गार. उकिडवा बसलेला. गुडघे डोक्याच्याही वर आलेले.

सदानंद पाण्याचा घोट घ्यायला थांबला तर तो अर्धवट उठला. पुन्हा गायला लागल्यावर खाली बसला. आरती झाल्यावर मात्र तो उभा राहिला आणि रांगेच्या टोकाला बसलेल्या एका पाडसापाशी गेला. पाडसाचा पांढरा आकार खुरांकडून वर वर काळा होत गेला. सकाळी ते मेलेलं सापडलं. अंगावर ओरखडा नव्हता. उन्हं चांगली वर आली होती तरी कातडी बर्फासारखी गार लागत होती.

सदानंदने घोंगडी उचलून आणली. गुरुवारी तो अख्खी रात्र गप्प बसला, आणि काही आलं नाही. संपलं, असं तो धरून चालला. कुणाला काय सांगणार होता?

शुक्रवारी संध्याकाळी सुजीत मुग्धाला घेऊन आला. दहा वर्षांच्या लेकीला रात्रीचे जिराफ दाखवायचं वचन जुनं होतं. दोघांना लपणापाशी सोडून, पहाटे येतो म्हणून सुजीत जीप घेऊन गेला.

पाणवठ्यावर त्या रात्री एकही जनावर फिरकलं नाही. वारा पडलेला. सदानंदने सहज दुर्बीण फिरवली, तर काळा आकार पाण्याच्या कडेने चालत येत होता. घोंगडीच्या जागी तो थांबला नाही. लपणाकडेच येत राहिला.

सदानंदने नमन धरलं.

आकार बसला. लपणापासून दहा पावलांवर.

"बाबा, व्हाय आर यू सिंगिंग सो फास्ट?" मुग्धाने विचारलं. त्याने तिला जवळ ओढलं आणि गाता गाताच मानेने गप्प राहायला सांगितलं.

आरतीपाशी यायचं नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. कीर्तनातून आरतीआधी उठायचं नसतं. बाहेर बसलेलं ते तेवढा नियम पाळत होतं. त्याने आख्यानाला दुसरं आख्यान जोडलं. ते सरल्यावर तिसरं. देवा, सूर्य उगवेपर्यंत एवढा गळा टिकू दे, असं तो कडव्याकडव्यामधून विनवत होता. मुग्धा त्याच्या मांडीवर झोपून गेली.

पूर्वेला फटफटलं. लांब वाटेवर जीपचे दिवे दिसले.

आणि गळा बसला.

ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. त्या शांततेनेच मुग्धाला जाग आली. बाबाकडे पाहून तिला त्याची दया आली असावी. घरी कीर्तन झालं की शेवटी टाळ्या वाजवायचं काम तिचंच. ती उठून बसली, हात जोडले, आणि टाळ्यांच्या तालावर भराभर आरती म्हणू लागली. सदानंदने तिच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा शेवटची ओळ होऊन गेली होती.

"राहिली होती ना," ती त्याचा हात बाजूला करत म्हणाली. "आय फिनिश्ड इट."

बाहेर काहीच हललं नाही. जीप येऊन थांबली. सुजीतने लपणाचं दार उघडलं आणि मुग्धा उडी मारून बाहेर पडली.

"काका, यल्ला, चला," तो म्हणाला. "भूक लागली असेल हिला."

दोघं जीपकडे चालू लागले. सदानंदने दुर्बीण डोळ्याला लावली.

वाळू करडी. पुढे चाललेला सुजीत पांढरा. मागून येणारी मुग्धा पांढरी. डावा हात तेवढा मनगटापर्यंत काळा, आणि तो उंच उचललेला होता, कुणा मोठ्याचं बोट धरून चालावं तसा.