हरवणारा खेळ

चित्रलेखाबाई हुपरीकर पहिल्याच डावात जिंकल्या आणि त्यांचं डोकं तापलं.

समोरच्या पडद्यावर मोठाल्या ठिपक्यांचा बनलेला एक मशालजी किल्ल्याच्या भुयारातून सुखरूप बाहेर आला होता. खाली ‘शाबास’ अशी अक्षरं लुकलुकत होती. ‘भुयार’ हा खेळ त्यांनी आणि युसूफ शिकलगार यांनी लिहिला, तेव्हा दोघंही मिरजेजवळच्या तंत्रनिकेतनात नुकतेच शिकवायला लागले होते. खेळात भुयारात पाणी चढत जातं, वरून दगड सुटतात आणि मशालजीला एकच जीव असतो. लिहिणाऱ्यांनाही तो क्वचितच जमायचा. आज सत्तरी ओलांडल्यावर, आखडलेल्या बोटांनी, चहा निवायच्या आत त्यांनी तो पार केला होता.

“युसूफ, हा आपला खेळ नाही.”

“फाइल तीच आहे,” युसूफ म्हणाले. “जुन्या फ्लॉपी चकत्यांवरून मीच उतरवून ठेवली होती. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.”

चित्रलेखाबाईंनी खेळ पुन्हा सुरू केला आणि या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत बसल्या. पाणी मशालजीच्या गुडघ्याशी येऊन थांबलं. दगड सुटला, पण शेजारी पडला. मशालजी उभाच होता. थोड्या वेळाने भिंतीत एक शिडी उमटली आणि तो आपला आपण चढून वर गेला.

“ही शिडी आपण कधी लिहिली होती?”

“सांभाळक,” युसूफ एवढंच म्हणाले.

सांभाळक आता पडदा असलेल्या प्रत्येक यंत्राच्या चिपमध्येच बसवलेला असे. माणसाचा श्वास, नजर, बोटांची थरथर टिपून तो समोरची गोष्ट त्याला झेपेल अशी करी. गणित अडलं की सोपं होई, बुद्धिबळात यंत्र वेळेवर चूक करी. खेळात हरून, परीक्षेत नापास होऊन खचलेल्या मुलांच्या बातम्यांनी देश हादरला होता, त्यानंतर तो कायद्याने सक्तीचा झाला. तिशीच्या आतलं कोणी कधी पडद्यासमोर हरलं नव्हतं. युसूफ यांनी आधुनिक यंत्रात जुन्या यंत्राचं सोंग घेणारी प्रणाली लिहिली होती, तिला ते ‘बहुरूपी’ म्हणत. पण बहुरूप्याच्या अंगातही सांभाळक शिरला होता.

“मला तो मूळचा हवाय,” चित्रलेखाबाई म्हणाल्या. “आपण लिहिला तसा. दुष्ट.”

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे त्यांची भाची मैथिली पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती शल्यविशारद होण्यासाठी शिकत होती. शिकाऊ डॉक्टर आधी सरावाच्या टेबलावर, पडद्यातल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करत. मैथिलीची तिथली प्रत्येक शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. मग खऱ्या टेबलावर एका बाईंचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा मैथिलीचे हात जागच्या जागी थिजले. वरिष्ठांनी तिला बाजूला सारलं, म्हणून त्या बाई वाचल्या. तेव्हापासून मैथिली आत्याकडे येऊन राहिली होती. फारसं बोलत नव्हती, जेवायला चार वेळा हाक मारावी लागत होती.

सांभाळक नसलेली चिप कुठे मिळेल, याचा दोघांनी बराच खल केला. उत्तर युसूफ यांनाच सुचलं. निवृत्तीनंतर ते इचलकरंजीच्या यंत्रमागांचे नियंत्रक दुरुस्त करत. त्या नियंत्रकांतली चिप कोरी येई. तिच्यातल्या तारा कशा जोडायच्या, हे आपण ठरवायचं.

“मागाला मन नसतं,” ते म्हणाले. “त्याला कोण कशाला सांभाळतंय?”

मग जुन्या यंत्राचा मेंदू त्यांनी त्या चिपमध्ये नव्याने घडवायला घेतला. युसूफ जोडणी करत, चित्रलेखाबाई आठवणीने आणि जुन्या पुस्तकांच्या आधाराने ती तपासत. वाद झाले. एकदा तर युसूफ चहा अर्धा टाकून घरी निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी काहीच घडलं नसल्यासारखे येऊन बसले.

पहिल्यांदा खेळ सुरू झाला, तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत भुयार पाण्याने भरलं. जुनं यंत्र मंद होतं आणि खेळ त्याच्या मंदपणावरच बेतलेला होता. ही चिप त्याच्या कैक पट वेगाने पळत होती. किती आवरायचं, ते नेमकं आठवत नव्हतं. वेगामुळे खेळाच्या सुरुवातीला वाजणारी धूनही डासासारखी कुणकुणत होती. युसूफ यांचे वडील तंबोरे बनवत, सुरांचा कान त्यांना घरातूनच मिळाला होता. चित्रलेखाबाई चिपचा वेग कमी करत जात, ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “अजून खाली. अजून.” धून उतरत उतरत जाड, ओबडधोबड झाली, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हाच तो आवाज होता.

चित्रलेखाबाई खेळल्या आणि दुसऱ्याच वळणावर बुडाल्या. पडद्यावर आलं: ‘मेलास. पुन्हा?’ त्या इतक्या जोरात हसल्या, की मैथिली उठून दारात आली.

“काय झालं, आत्या?”

“मेले. बस, तू खेळून बघ.”

मैथिली नाखुशीनेच बसली. पाणी चढलं, ती गोंधळली, मशालजी बुडाला. तिने कळफलक पुढे सरकवला. “यात काहीतरी बिघाड आहे.”

“बिघाड नाही. तू हरलीस.”

मैथिलीने विचारलं, “मग आता काय करायचं?”

सव्वीस वर्षांची मुलगी खरोखर विचारत होती. चित्रलेखाबाई म्हणाल्या, “काही नाही. राग येईल, येऊ दे. मग वाटलं तर पुन्हा खेळ.”

मैथिली उठून आत गेली. दार आपटलं. पण संध्याकाळी चित्रलेखाबाई भाजी घेऊन परतल्या, तेव्हा ती यंत्रासमोर होती, आणि पुढचे कितीतरी दिवस तिथेच असायची. ती बुडत होती, दगडाखाली सापडत होती, शिव्या देत होती. एके दुपारी आत्या बघत असताना पाणी मशालजीच्या छातीला लागलं. मैथिलीचा चेहरा पांढराफटक पडला, ओठ घट्ट मिटले, पण बोटं चालत राहिली. तरी तो बुडालाच. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

“थांबले नाहीत,” ती हळूच म्हणाली.

बातमी मात्र फुटली. शेजारपाजारची पोरं हरायला येऊ लागली आणि एक दिवस अनुभव सुरक्षा कार्यालयाचे निरीक्षक देवकाते दारात उभे राहिले. माणूस मऊ बोलणारा होता.

“काकू, सांभाळकाविना पडदा वापरता येत नाही. यंत्र माझ्याकडे द्या, प्रकरण इथेच मिटवतो.”

“नाही देणार.”

“मग घराचा परवाना रद्द होईल. फोन, बँक, दाराचं कुलूप, सगळं बंद पडेल.”

“करा बंद. कडी आहे दाराला.”

देवकाते खुर्चीत टेकले. “माझा धाकटा भाऊ बारावीत नापास झाला होता,” ते म्हणाले. “तेव्हा सांभाळक नव्हता. असता तर आज तो असता.”

चित्रलेखाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

“फार वाईट झालं,” त्या म्हणाल्या. “मुलांना सांभाळू नका, असं मी म्हणत नाही. पण पाणी चढलेलं असताना चढलंच नाही, असं दाखवणं मला मान्य नाही. यंत्र मिळणार नाही.”

त्या संध्याकाळी घरातले बाकी सगळे पडदे काळे झाले. मागाच्या चिपवरचा ‘भुयार’ तेवढा चालू होता. त्याला कुणाच्या परवान्याची गरजच नव्हती.

पुढच्या सोमवारी मैथिलीने केस बांधले आणि म्हणाली, “आत्या, युसूफकाका, माझ्याबरोबर चला. यंत्र घ्या.”

रुग्णालयाच्या सराव कक्षात तिच्या विभागप्रमुख डॉक्टर माईणकर होत्या. सोबतचे शिकाऊ डॉक्टर टेबलाभोवती उभे होते. पडद्यातल्या रुग्णाची नाडी नेहमीसारखी छान चालली होती.

“मॅडम, या टेबलावरचा पेशंट दगावू शकतो का?” मैथिलीने विचारलं.

“छे, सांभाळक आहे ना त्यात.”

“मग माझे हात थिजले, याचं नवल कशाला? समोरचा माणूस मरू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इथून सांभाळक काढा. परवानगी मिळत नसेल तर माझ्या नावावर करा, मी सही देते.”

शिकाऊ डॉक्टरांत चुळबूळ झाली. माईणकरांनी युसूफ यांच्या हातातल्या पेटीकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

“असं टेबल तुम्ही बनवून द्याल?”

“बनवू,” चित्रलेखाबाई म्हणाल्या. त्यांची नजर त्या तरुण चेहऱ्यांवरून फिरली. एकही जण अजून कधी हरलेला नव्हता. देवकात्यांचा भाऊ त्यांच्या मनातून जात नव्हता. “बनवू आम्ही. पण पहिल्यांदा पेशंट हातातून जाईल, त्या दिवशी या मुलांजवळ बसायला कोण असणार आहे?”