सगुणाआजी मध्येच का थांबल्या?

चाचणीत वर्गातल्या बावीस मुलांना औषध्याने बावीसही वेळा बरोबर गोळी दिली. मग गावातल्या आज्यांपाशीच घोडे कुठे पेंड खात होते?

औषध्या म्हणजे आंबेवाडीच्या आरोग्य केंद्रातला यंत्रमानव. नाव ऐकायचे आणि ज्याची त्याला गोळी काढून द्यायची, एवढेच त्याचे काम. त्याचे प्रश्न लिहिले होते अकरा वर्षांच्या शाल्मलीने, आणि काय तो तोरा तिचा! पण आठवडाभरात नऊ आज्या गोळीविना परतल्या. शुक्रवारपर्यंत जमले नाही, तर औषध्या तालुक्याला परत जाणार होता. मग रक्तदाबाच्या गोळीसाठी आज्यांना पुन्हा बारा किलोमीटरची पायपीट.

शाल्मलीने निष्कर्ष (अभ्यासातून निघालेले उत्तर) लिहून टाकला : म्हाताऱ्यांना यंत्र कळत नाही.

तिच्या आजोबांनी तो वाचला. मानव-संगणक संवाद (माणसे आणि यंत्रे एकमेकांशी कशी वागतात, याचा अभ्यास) यातच त्यांचा जन्म गेला होता.

"वा गं वा! नाचता येईना, अंगण वाकडं! चाचणी कोणावर घेतलीस?"

"वर्गातल्या मुलांवर."

"आणि गोळ्या कोण घेतं?"

शाल्मलीने जीभ चावली.

"ज्यांच्यासाठी यंत्र, त्यांच्याबरोबरच चाचणी. त्यांना विचारून, आणि मध्ये तोंड न घालता. चल!"

"बघ की, खुशाल बघ," त्या नऊजणींतल्या सगुणाआजी शाल्मलीला म्हणाल्या. आजोबा आणि नात केंद्रात कोपऱ्यात बसले.

"आपले पूर्ण नाव सांगा," औषध्या म्हणाला.

"सगुणा..." आजी थांबल्या. पदर सावरला.

"नाव अपूर्ण आहे."

आजी उठल्याच. शाल्मलीने तोवर कसाबसा धीर धरला होता. "आजी, मध्येच का थांबलात?"

"इश्श! मालकांचं नाव कसं घ्यायचं गं? तेही चारचौघांत!"

शाल्मलीला हसू आले आणि लाजही वाटली. आजींना सगळे कळत होते. चूक तिच्या प्रश्नातच होती.

तिला सगळेच प्रश्न बदलायचे होते. आजोबा म्हणाले, "एकच बदल. दहा बदललेस, तर कशानं जमलं ते कळायचं कसं?"

आता औषध्या आज्यांना पूर्ण नावाऐवजी फक्त त्यांचे नाव आणि जन्मवर्ष विचारू लागला. शुक्रवारी आठ आज्यांना गोळ्या मिळाल्या. नवव्या म्हणाल्या, "मला माणसाशीच बोलायचंय." त्यांना नर्सताईंनी गोळी दिली, आणि शाल्मलीने तेही लिहिले. पहिला चुकलेला निष्कर्ष मात्र ती खोडायला निघाली.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा."

औषध्या गावातच राहिला. गोळी कनवटीला लावत सगुणाआजी म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या गावालाही असा एक पाठव गं. पण आधी तिथल्या बायकांना विचार हं!"